सहीचा धनी बदलतो तेव्हा : रिझर्व्ह बँकेतले निरोप आणि तिथला कर्मचारीवर्ग

भारतीय चलनी नोटेवर धारकाला अमुक रुपये अदा करण्याचे जे वचन छापलेले असते, ते रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी स्वतःच्या सहीने दिलेले असते, आणि त्यामुळे देशातील दुसऱ्या कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या प्रमुखाचे नाव लोकांच्या हातात जितक्या वेळा जात नाही तितक्या वेळा या एका अधिकाऱ्याचे नाव जाते. एक रुपयाची नोट याला अपवाद आहे, कारण ती भारत सरकारची मानली जाते आणि तिच्यावर केंद्रीय वित्त सचिवांची सही असते. गव्हर्नर पदावरून गेले म्हणून त्यांच्या सहीच्या नोटा बाद होत नाहीत. नव्या गव्हर्नरांच्या सहीच्या नोटा येणार असल्याचे बँक पत्रक काढून कळवते, जुन्या नोटा चालूच राहतील असे त्याच पत्रकात सांगते, आणि नाशिक, देवास, म्हैसूर व सालबोनी येथील छापखान्यांतून नव्या सहीची छपाई सुरू होते. पद सोडलेल्या माणसाचे वचन पुढे चालू ठेवण्याची ही व्यवस्था कायद्याने घातलेली आहे, परंतु ती रोज प्रत्यक्षात उतरवणारे लोक म्हणजे बँकेचे कर्मचारी होत. गव्हर्नरांच्या जाण्याकडे हे कर्मचारी कसे पाहतात, हा प्रश्न म्हणूनच बँकेच्या इतिहासातील कडेचा प्रश्न ठरत नाही, जरी त्यावर लिहिले गेले आहे ते फार थोडे.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हा ती पाच कोटी रुपयांच्या भांडवलाची, भागधारकांच्या मालकीची संस्था होती. तिचे मध्यवर्ती कार्यालय आधी कोलकात्यात होते, ते १९३७ साली कायमचे मुंबईत आले, आणि १ जानेवारी १९४९ पासून ती सरकारच्या मालकीची झाली. गव्हर्नरांची नेमणूक केंद्र सरकार करते. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यातील आठव्या कलमानुसार त्यांची मुदत पाच वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही, पुनर्नियुक्ती मात्र होऊ शकते. किमान मुदतीची हमी कायद्यात कोठेही नाही, आणि अकराव्या कलमाने गव्हर्नरांना पदावरून दूर करण्याचा अधिकारही सरकारकडेच ठेवला आहे. याच्या जोडीला सातवे कलम येते, ज्यानुसार सरकार लोकहितासाठी, गव्हर्नरांशी सल्लामसलत केल्यानंतर, बँकेला निर्देश देऊ शकते. ही तीन कलमे एकत्र वाचली म्हणजे ध्यानात येते की या पदाची स्वायत्तता कायद्याच्या शब्दांपेक्षा संकेतांवर अधिक उभी आहे, आणि ज्या गोष्टी संकेतांवर उभ्या असतात त्यांची कसोटी माणूस पदावरून जातो त्या वेळी लागते.

पहिल्याच गव्हर्नरांचे जाणे या दृष्टीने बोलके आहे. सर ऑसबॉर्न स्मिथ हे इम्पीरिअल बँकेतून आलेले व्यावसायिक बँकर होते. व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसदस्य सर जेम्स ग्रिग यांच्याशी त्यांचे पटले नाही, आणि मुदत पुरी होण्याआधीच १९३७ च्या मध्यास त्यांनी पद सोडले. बँकेच्या नोटा १९३८ च्या जानेवारीत प्रथम बाहेर पडल्या, त्यामुळे बँकेच्या पहिल्या गव्हर्नरांची सही एकाही नोटेवर उमटली नाही. पहिली सही आली ती त्यांच्यानंतरच्या सर जेम्स टेलर यांची. टेलर १९४३ च्या फेब्रुवारीत पदावर असतानाच वारले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी चिंतामणराव देशमुख आले, जे या पदावरील पहिले भारतीय होत.

महाड तालुक्यातील नाते या गावी जन्मलेल्या आणि मॅट्रिकच्या परीक्षेत जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या चिंतामणरावांचे कौतुक मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. येथे महत्त्वाची आहे ती एक निराळीच गोष्ट. ते सनदी सेवेतून आले असले तरी थेट गव्हर्नर म्हणून आले नाहीत. १९३९ साली सरकार आणि बँक यांच्यातील संपर्क अधिकारी म्हणून त्यांनी बँकेत पाऊल टाकले, पुढे ते मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले, १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर झाले आणि मग गव्हर्नर. बँकेच्या कामाचे पायरीपायरीने झालेले हे शिक्षण त्यांच्या कारकिर्दीत दिसते : १९४५ साली संशोधन व सांख्यिकी विभाग उभा राहिला, १९४७ पासून बँकेची मासिक पत्रिका निघू लागली. ३० जून १९४९ रोजी ते गेले, तेव्हा अर्थविषयक आकडे गोळा करून ते तपासणारी आणि त्यांवर स्वतःचे मत बनवणारी माणसे बँकेत तयार होऊ लागली होती. गेलेल्या गव्हर्नराने मागे काय ठेवले, हे मोजण्याचे जे माप कर्मचाऱ्यांच्या हाती असते, त्याने मोजल्यास देशमुखांचे पारडे जड ठरते, कारण त्यांनी मागे कामाची रीत ठेवली.

त्यांच्यानंतर आलेले बेनेगल रामराव हे साडेसात वर्षे पदावर होते आणि आजवरची सर्वांत दीर्घ कारकीर्द त्यांचीच आहे. तरीही त्यांचे नाव निघते ते राजीनाम्याच्या संदर्भात. नोव्हेंबर १९५६ च्या अखेरीस अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी मुदती हुंड्यांवरील मुद्रांक शुल्क वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. मुदती हुंडी म्हणजे ठरावीक दिवसांनी पैसे देण्याचा लेखी करार. बँका अशा हुंड्या तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून कर्ज घेत असत, आणि त्यामुळे शुल्क वाढले की त्या कर्जाची किंमत आपोआप वाढे. व्याजदर ठरवणे हे ज्या संस्थेचे काम, तिला बाजूला ठेवून तिचा दर करवाढीच्या वाटेने बदलला जात होता, आणि हाच रामरावांचा आक्षेप होता. अर्थमंत्र्यांनी बँकेला आपल्या खात्याचा एक विभाग मानले, मध्यवर्ती संचालक मंडळाने गव्हर्नरांची बाजू घेतली, पंतप्रधान नेहरूंनी मात्र बँकेने सरकारी धोरणाशी सुसंगत राहावे असे कळवले, आणि जानेवारी १९५७ मध्ये रामराव पायउतार झाले. हे सारे प्रकरण बँकेने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात मांडले आहे. संस्थेने स्वतःच्या इतिहासात सरकारशी झालेल्या वादाची अशी उघड नोंद ठेवावी, आणि आपले गव्हर्नर कोणत्या मुद्द्यावर गेले हे पुढच्या पिढ्यांतील अधिकाऱ्यांना वाचायला मिळावे, ही एका परीने संस्थेने गेलेल्या माणसाला दिलेली साक्षच म्हणावी लागेल.

रामराव गेले आणि पुढचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार १ मार्च १९५७ रोजी आले, या दोहोंमधील सुमारे दीड महिना डेप्युटी गव्हर्नर के. जी. आंबेगावकर यांनी कारभार पाहिला. अशा मधल्या काळाची आणखीही उदाहरणे आहेत : १९७० च्या मे-जूनमध्ये भास्कर नामदेव आडारकर ४२ दिवस गव्हर्नर होते, १९८५ च्या आरंभी अमिताव घोष अवघे २० दिवस. या कारकिर्दींकडे नोटा जमवणारे छांदिष्ट लोक सहीच्या दुर्मीळपणासाठी पाहतात, पण त्यांचा खरा अर्थ निराळा आहे; खुर्ची रिकामी झाली असताना दर ठरत होते, बँकांचे हिशेब मिटत होते, नोटा बाहेर पडत होत्या, आणि हे काम ज्यांना ते आतून ठाऊक होते त्यांनी सांभाळले होते.

येथे बँकेच्या मनुष्यबळाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. संवर्ग म्हणजे एकाच भरतीच्या वाटेने आलेल्या आणि त्याच संस्थेत बढती मिळवणाऱ्या अधिकाऱ्यांचा वर्ग. रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा संवर्ग आहे. स्पर्धा परीक्षेतून ‘ग्रेड बी’ या पायरीवर आलेला तरुण अधिकारी पुढे महाव्यवस्थापक, कार्यकारी संचालक आणि क्वचित डेप्युटी गव्हर्नर होतो. चार डेप्युटी गव्हर्नरांपैकी दोघे आतले, एक व्यापारी बँकांतून आलेला आणि एक अर्थतज्ज्ञ, असा संकेत चालत आला आहे. गव्हर्नरपदाचा दरवाजा मात्र या संवर्गाला जवळजवळ बंदच राहिला आहे, कारण संवर्गातून येऊन गव्हर्नर झालेले आजवर एकटे एम. नरसिंहम, आणि तेही १९७७ साली सात महिन्यांसाठी. बाकीचे बहुतेक सनदी सेवेतून आले किंवा विद्यापीठांतून व अर्थतज्ज्ञांच्या वर्तुळातून आले. म्हणजे बँकेतील कर्मचाऱ्यासाठी गव्हर्नर हा जवळजवळ नेहमीच बाहेरून येणारा आणि बाहेर जाणारा माणूस असतो. १९९० च्या अगदी अखेरीस रुजू होऊन २०२४ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याने व्यंकटरमणन यांच्यापासून संजय मल्होत्रा यांच्यापर्यंत नऊ गव्हर्नर पाहिले, आणि त्यांतील बहुतेकांच्या मुदती त्याच्या एका बढतीच्या प्रतीक्षेहून फार मोठ्या नव्हत्या.

अशा परिस्थितीत गव्हर्नरांविषयी उदासीनता निर्माण झाली असती तर आश्चर्य वाटले नसते, पण गेल्या दशकातील घटना वेगळेच काही दाखवतात.

नोव्हेंबर २०१५ मध्ये बँकेच्या अधिकारी व कर्मचारी संघटनांनी एकत्र येऊन एक दिवसाची सामूहिक रजा घेतली. मागणी मुख्यतः निवृत्तिवेतनाची होती : वेतन वेळोवेळी वाढत गेले तरी आधी निवृत्त झालेल्यांचे निवृत्तिवेतन त्या प्रमाणात सुधारले जात नव्हते, आणि ते सुधारायचे तर सरकारची संमती हवी होती. बँकेची काही कामे तिच्याकडून काढून घेतली जातील ही भीतीही त्या आंदोलनात व्यक्त झाली. गव्हर्नर रघुराम राजन यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात हे घडले. त्यानंतर सात महिन्यांनी, १८ जून २०१६ रोजी, राजन यांनी आपण ४ सप्टेंबरला मुदत संपताच अध्यापनाकडे परतणार असल्याचे जाहीर केले, आणि ते जाहीर करण्यासाठी त्यांनी निवडलेला मार्ग होता बँकेतील सहकाऱ्यांना लिहिलेले पत्र. बातमी जगाला कळली ती या पत्रातून. चलनवाढीचे लक्ष्य ठेवून दर ठरवणारी समिती प्रत्यक्षात येणे आणि बँकांच्या ताळेबंदांची सफाई पूर्ण होणे, ही दोन कामे अपुरी असल्याचे त्यांनी त्यात मान्य केले आणि ती पार पाडण्यास मागे राहणारे सहकारी समर्थ आहेत असा विश्वास व्यक्त केला. आपल्या जाण्याचा पहिला हिशेब मंत्रालयाला किंवा बाजाराला न देता हाताखालच्या माणसांना द्यावा, ही गोष्ट या संस्थेच्या परंपरेत नोंद घेण्यासारखी आहे.

त्या पत्रातील अपुऱ्या कामांपैकी पहिले लवकरच मार्गी लागले. सहा सदस्यांच्या पतधोरण समितीची पहिली बैठक ऑक्टोबर २०१६ च्या आरंभी झाली, तेव्हा राजन यांना जाऊन जेमतेम महिना झाला होता. तिचे अध्यक्ष, नवे गव्हर्नर उर्जित पटेल, हे डेप्युटी गव्हर्नर असताना ज्या समितीने चलनवाढ-लक्ष्याची शिफारस केली तिचेही अध्यक्ष होते, त्यामुळे येथे माणूस बदलला तरी कामाचा धागा तुटला नाही. दुसरे काम, म्हणजे बुडीत कर्जे उघडकीस आणण्याचे, हे तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जिवावर होणारे काम होते. २०१५-१६ मध्ये झालेल्या मालमत्ता गुणवत्ता तपासणीत त्यांनी बँकांच्या वह्यांतून अशी खाती बाहेर काढली जी चांगली म्हणून दाखवली जात होती, आणि पुढे १२ फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकाने हप्ता एक दिवस चुकला तरी बँकेने दखल घ्यावी असा नियम आला. हे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रद्द केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये सौम्य केलेले नवे परिपत्रक निघाले. तोवर पटेलही गेलेले होते. गव्हर्नरांच्या जाण्याचा अर्थ तपासणी विभागातील माणसाला असा कागदांतून कळतो.

पटेल यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच जी घटना घडली, तिने कर्मचाऱ्यांना जितके ओढले तितके इतर कोणाला क्वचितच ओढले असेल. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, आणि नोटा चलनात आणणारा व परत घेणारा बँकेचा निर्गम विभाग अक्षरशः रात्रंदिवस कामाला लागला. परत आलेली प्रत्येक नोट यंत्रावर तपासून मोजायची होती. ते काम संपून बँकेच्या वार्षिक अहवालात अंतिम आकडा यायला ऑगस्ट २०१८ उजाडले, आणि १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी १५.३१ लाख कोटी, म्हणजे ९९.३ टक्के, परत आल्याचे तेव्हा स्पष्ट झाले. दरम्यान १३ जानेवारी २०१७ रोजी संघटनांच्या संयुक्त मंचाने गव्हर्नरांनाच पत्र लिहिले. चलनव्यवस्थेच्या समन्वयासाठी अर्थ मंत्रालयाने आपला अधिकारी नेमल्याची वार्ता होती, आणि बँकेच्या कायदेशीर अधिकारात ही लुडबुड असून कर्मचाऱ्यांना अपमानित वाटत आहे, तेव्हा गव्हर्नरांनी बँकेची स्वायत्तता राखण्यासाठी पावले उचलावीत, असे त्या पत्रात म्हटले होते. मंत्रालयाने लगोलग खुलासा करून स्वायत्ततेचा आपण आदर करतो असे सांगितले. पगार, भत्ते, बदल्या यांसाठी असलेल्या संघटनांनी संस्थेच्या अब्रूसाठी लेखी तक्रार करावी, हा प्रकार सरकारी कचेऱ्यांत सहसा आढळत नाही.

हीच भूमिका २०१८ च्या उत्तरार्धात पुन्हा दिसली. बँकेच्या राखीव निधीतून सरकारला किती अधिशेष द्यावा, कमकुवत बँकांवरील कर्जबंधने सैल करावीत काय, आणि आजवर कधीही न वापरलेल्या सातव्या कलमाचा उपयोग होणार काय, यांवरून सरकार आणि बँक यांच्यात तणाव वाढला होता. २६ ऑक्टोबरला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईतील ए. डी. श्रॉफ स्मृती व्याख्यानात मध्यवर्ती बँकेच्या स्वातंत्र्याला धक्का लावण्याचे परिणाम परखडपणे मांडले, आणि तीनच दिवसांनी कर्मचारी संघटनेने पत्र काढून त्या मताला पाठिंबा दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात या संघटनांनी निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर दोन दिवसांच्या सामूहिक रजेची हाक दिली होती व ती पुढे ढकलली होती. व्यवस्थापनाशी भांडण चालू असतानाच त्याच व्यवस्थापनाच्या बाजूने उभे राहण्यात या लोकांना विसंगती वाटली नाही, आणि नीट पाहिले तर ती नाहीही : दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, की बँकेचा निर्णय बँकेत होणार की नाही. निवृत्तिवेतनाचा निधी बँकेचा असूनही संमतीसाठी दिल्लीकडे पाहावे लागत होते, आणि व्याजदराचा वा निधीचा निर्णय बँकेचा असूनही दिल्लीचा दबाव येत होता. मुंबईत मिंट रोडवरील बँकेच्या इमारतीच्या अठराव्या मजल्यावर, गव्हर्नरांच्या दालनात, जी कोंडी होत होती तिचीच धाकटी बहीण खालच्या मजल्यांवर अनेक वर्षे नांदत होती.

१० डिसेंबर २०१८ रोजी पटेल यांनी वैयक्तिक कारण देत तत्काळ राजीनामा दिला. निवेदन काही ओळींचेच होते, परंतु बँकेच्या अलीकडील यशामागे कर्मचारी, अधिकारी आणि व्यवस्थापन यांचे श्रम होते, हे सांगायला त्यात जागा ठेवलेली होती. दुसऱ्याच दिवशी शक्तिकांत दास यांची नेमणूक झाली आणि १२ तारखेला त्यांनी सूत्रे हाती घेतली. अधिशेषाचा प्रश्न बिमल जालान समितीकडे गेला आणि तिच्या शिफारशींनंतर ऑगस्ट २०१९ मध्ये बँकेने सरकारला १,७६,०५१ कोटी रुपये देण्याचे ठरवले. निवृत्तिवेतनाची सुधारणाही २०१९ सालीच झाली. ज्या गव्हर्नरांच्या काळात या दोन्ही गोष्टींवर रण माजले होते, ते त्या सुटताना पदावर नव्हते. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने हा योगायोग कडवटच म्हटला पाहिजे, कारण संस्थेची बाजू ताणून धरणाऱ्याच्या वाट्याला निकाल येत नाही आणि निकाल येतो तेव्हा त्याचे श्रेय वेगळ्या सहीखाली जमा होते.

मावळत्या गव्हर्नरांची आत्मचरित्रे आणि भाषणे पुष्कळ आहेत. दुव्वुरी सुब्बराव यांनी ऑगस्ट २०१३ मधील आपल्या निरोपाच्या सुमारास मुंबईत केलेल्या भाषणात, एक दिवस अर्थमंत्री बँकेवर चिडूनही ती आहे म्हणून देवाचे आभार मानतील, अशी आशा व्यक्त केली. राजन यांनी पद सोडण्याच्या आदल्या दिवशी दिल्लीत सेंट स्टीफन्स महाविद्यालयात बोलताना नाही म्हणता येण्याच्या सामर्थ्यावर भर दिला. या साऱ्या लेखनात मिंट रोड आणि नॉर्थ ब्लॉक, म्हणजे बँक आणि अर्थ मंत्रालय, यांच्यातील अंतराचा ऊहापोह आहे. अठराव्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंतचे अंतर मात्र त्यांत अभावानेच येते, आणि तपासणी अहवाल लिहिणारे, आकडे जुळवणारे, तिजोऱ्यांची मोजदाद करणारे लोक आठवणी लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू संघटनांच्या पत्रांत आणि रजेच्या सूचनांत तेवढी शिल्लक राहिली आहे. बँकेच्या भावी इतिहासकारांनी ही पत्रे परिशिष्टात तरी घ्यावीत.

दास सहा वर्षांनंतर, १० डिसेंबर २०२४ रोजी, मुदत पूर्ण करून गेले आणि दुसऱ्या दिवशी संजय मल्होत्रा सव्विसावे गव्हर्नर म्हणून आले. निरोप शांतपणे झाला आणि सहीबदलाचे पत्रक नेहमीच्या शब्दांत निघाले. आधीच्या गव्हर्नरांच्या सह्या असलेल्या नोटा हातोहात फिरत, मळत, दुमडत पुन्हा व्यापारी बँकांच्या तिजोऱ्यांतून निर्गम विभागात येतात. तेथे यंत्रासमोर बसलेले कर्मचारी प्रत्येक नोट खरी आहे काय हे तपासून घेतात, वापरण्याजोगी असेल तर परत पाठवतात, आणि नसेल तर तिचे बारीक तुकडे होऊन त्यांच्या विटा दाबल्या जातात.